वरचा माणूस

संगमनेरच्या पठारावरच्या निम्म्या विहिरी रंभाजीनं खोदल्या. एकीवरही त्याचं नाव नाही. नावं मालकांची. विहिरीच्या काठावर क्रेन उभी करतात, तिला आमच्याकडं यारी म्हणतात. तिच्या बकेटीत बसून रंभाजी खाली जायचा आणि वर यारीच्या दांड्यावर हात गनीभाईचा. दुसऱ्या कुणाचा नाही. एकदा गनीभाई तापानं पडला, मालकानं नवा यारीवाला आणला. रंभाजी काठावर बसून राहिला. "वरचा मानूस बदलला की मी खाली जात न्हाई," म्हणाला. काम गेलं. हा बसला तो बसलाच.

रंभाजीचा पोरगा प्रवीण दुबईत उंच इमारतींच्या काचा पुसतो. त्याच्या पैशावर घराच्या भिंती उभ्या राहिल्या, त्याची बहीण माधुरी नर्सिंगला गेली. ज्यांनी रंभाजीला कधी ओट्यावर बसवलं नाही, ते आता 'रंभाजीशेठ' म्हणून हाक मारतात. पैसा आला की जात विचारत नाहीत, हरामखोर.

परवा प्रवीणला कंपनीला सांगायचं होतं, करार वाढवायचा की घरी यायचं. रंभाजीचं ठरलं होतं. प्लास्टर राहिलंय, पोरगं तिकडंच राहू दे. भागिरथी, त्याची बायको, चुलीकडं तोंड करून बसलेली. गनीभाई चहाला आलेला. तेवढ्यात पोराचा व्हिडिओ कॉल आला.

"आबा, आज काम दावतो. मुकादम न्हाई हितं."

मोबाईल फिरला. खाली समुद्र परातीत ओतल्यासारखा. जहाजं तांदळाएवढी. धुकं पायांखाली. लोखंडी पाळण्यात प्रवीण उभा, आणि त्यानं पुसलेल्या काचेत दुसरा सूर्य लखलखत होता. काचेमागं एकजण संत्रं सोलत बसलेला. त्यानं मान वर केली नाही.

"आरं बाबो," रंभाजी पुटपुटला. "हिरीतनं आभाळ ताटाएवढं दिसायचं. ह्ये तर संपतच न्हाई."

गनीभाई स्क्रीनवर वाकला. "बेटा, पाळना कोन चालवतो? वर कोन हाय?"

"तिलबहादूर, चाचा. नेपाळचा. मी पाळन्यात असलो की जागचा हालत न्हाई."

प्रवीणनं वर हाक मारली. गच्चीच्या कठड्यावरून एक पिवळी टोपी डोकावली, हसली, हात हलवला. गनीभाईचा हात आपोआप सलामाला कपाळाशी गेला. कुठला कोण माणूस, आणि आपलं पोरगं आभाळात धरून बसलाय!

भागिरथी पुढं आली. "त्याची आय हाय का रं?"

"हाय की. फुडल्या महिन्यात चाललाय तिच्याकडं. कायमचा."

रंभाजीनं विचारलं, "मंग वर कोन?"

"यील कुनीतरी नवा."

रंभाजीनं प्लास्टर नसलेल्या विटांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पव्या, सही करू नको. ये."

"आबा, आन् घर? माधुरीची फी?"

"घर काय पळून चाललंय? फीचं... फीचं मला ठावं न्हाई."

"मी जाईन कांदे काढायला," भागिरथी म्हणाली. "तू ये रं."

पोरगं काचेकडं बघत राहिलं. मग म्हणालं, "बरं. थांबा, वर घेत्यात मला."

पाळणा हलला. काचा एकामागून एक खाली सरकू लागल्या. इकडं गनीभाईचा उजवा हात गुडघ्यावर दांडा धरल्यासारखा वळला होता, आणि प्रवीणचे पाय गच्चीला टेकेपर्यंत त्यानं तो सोडला नाही.