जपानी ट्रकची पारख

पोहरादेवीजवळच्या तांड्यावर भाऊसिंगनं ट्रक आणला त्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि या वर्षात त्या ट्रकला नावं ठेवण्यापलीकडे आसपासच्या गावांनी दुसरं काही काम केलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. ट्रक जपानी होता. बस्स, एवढाच त्याचा गुन्हा. जपानी म्हटलं की लोकांना लढाईच्या आधीची बाजारातली खेळणी आठवायची. चावी दिली की टुणटुण उडणारं माकड, आठवड्याच्या आत मुकं होणारं. 'जपानी माल' हा शब्द माणसांनासुद्धा लावत. एखादा जावई पहिल्याच थंडीत खोकायला लागला की सासुरवाडीच्या बायका एकमेकींकडे पाहून म्हणत, "जपानी दिसते बाई." अशा मुलखात भाऊसिंग टोयोटा कंपनीचा ट्रक घेऊन आला आणि छाती काढून सांगत सुटला की यासारखी गाडी दुनियेत नाही.

नम्रपणा काही भाऊसिंगच्या वाट्याला आला नव्हता, आणि त्याला त्याची खंतही नव्हती. लढाईत तो लष्करी ड्रायव्हर म्हणून ब्रह्मदेशात होता. जपान्यांनी हत्यारं खाली ठेवल्यावर त्यांचेच ट्रक आणि त्यांचेच मिस्तरी आपल्या फौजेनं कामाला लावले, तेव्हा भाऊसिंगच्या हाती एक टोयोटा आला आणि जोडीला एक जपानी मिस्तरी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण चिखलात रुतलेली गाडी काढताना भाषा लागतेच कुठे? पुढे मोडकीतोडकी हिंदुस्थानी जमली, धुळीत काडीनं चित्रं काढून झाली, आणि त्या मिस्तऱ्यानं आपल्या कंपनीची सगळी कुळकथा भाऊसिंगला ऐकवली. भाऊसिंगला ती तोंडपाठ होती. फौजेतून सुटल्यावर कामठीच्या लष्करी लिलावात तसलाच एक ट्रक कोपऱ्यात उभा दिसला. बाकीचे सगळे अमेरिकन गाड्यांभोवती घोटाळत होते. भाऊसिंगनं या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि ठरवून टाकलं.

सुटे भाग मिळतील का, असं कुणी विचारलं की तो हसायचा. कंपनीनं आपलं पहिलं इंजिन बांधताना शेवरलेटचं इंजिन उलगडून अभ्यासलं होतं, त्यामुळे शेवरलेटचे बरेच भाग याला बसत, आणि शेवरलेटचे भाग अकोल्यात मिळत. "पाहून शिकाले अक्कल लागते," तो म्हणायचा. "आपन त पाहून बी शिकत नाही."

असं सगळं झोकात चाललं असलं तरी ट्रकला बांधलेलं काम नव्हतं. कधी लाकडं, कधी विटा, कधी जत्रेची माणसं. आणि यंदा भाऊसिंगनं एक मोठी गोष्ट अंगावर घेतली होती. दरवर्षी दिवाळी झाली की तांड्यातली माणसं बिऱ्हाडं पाठीवर टाकून लांबलांबच्या सडकांवर खडी फोडायला जात. यंदा भाऊसिंगनं सगळ्यांना थोपवून धरलं. इंझोरी गावचा कापूस सरकी काढायला मंगरूळच्या जिनात नेण्याचं काम मी आणतो, तुम्ही भरायला आणि उतरवायला चला, कुणाला गाव सोडायची गरज नाही, असा त्यानं शब्द दिला. त्याच्या बायकोनं, गोमतीबाईनं, त्या शब्दावर विसंबून या पावसाळ्यानंतर घराच्या कुडाला नवी माती लावली होती. सडकेच्या कडेला तीन दगडांची चूल मांडायची नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं आणि चारचौघींत बोलूनही दाखवलं होतं.

पण दिवस चालले होते, आणि इंझोरीचा होकार येत नव्हता. शेवटी तांड्याच्या नायकानं, म्हाताऱ्या लखीरामनं, भाऊसिंगला बोलावून सांगितलं, "लेकरा, खडीचा मुकादम दोनदा येऊन गेला. उद्या इंझोरीवाल्यानं हो म्हनलं त ठीक. नाही त परवा आमी निघतो. तुह्या गाडीच्या भरोशावर लेकराइले उपाशी ठेवता येत नाही."

"उद्या हो म्हनते," भाऊसिंग म्हणाला. "त्याचा बाप बी म्हनते."

हो म्हणायचं होतं मारोतराव पाटलांनी. इंझोरीत सर्वांत जास्त कापूस त्यांचा, आणि त्यांचा कापूस ज्या वाटेनं जाईल त्याच वाटेनं गावाचा जाणार. मारोतराव कुणाच्या बोलण्यावर जात नसत. बैलाची पारख करावी तर त्यांनी. बाजारात ते जोडीभोवती एक फेरी मारत तेव्हा विकणारा आपणहून भाव उतरवायचा. आणि त्यांनी निरोप धाडला होता, की बैल पाहून घेतो तशी गाडीही पाहूनच घेईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसिंग ट्रक धुऊनपुसून इंझोरीत हजर झाला. मागच्या फळीवर लखीराम आणि तांड्यातली बरीच माणसं होती. बायकाही होत्या, आणि त्यांत गोमतीबाई होती. इंझोरीनंही त्या दिवशी कापूस वेचायला सुट्टी दिल्यासारखं दिसत होतं. मारुतीच्या पारापासून नाल्याच्या चढणीपर्यंत माणूसच माणूस.

मारोतराव आले. ट्रकभोवती फिरले. टायरवर थाप मारली, मग दुसऱ्यावर. पुढे येऊन दिव्यांकडे बराच वेळ टक लावून पाहिलं, जसं काही तो बैल डोळे मिचकावतो की काय ते त्यांना बघायचं होतं. बॉनेट उघडायला लावून आत डोकावले आणि नाक मुरडून मागे सरले.

"वय काय याचं?"

"लढाईतली हाये, पाटील."

"म्हन्जे दात जुयले असतीन," मारोतराव म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलावं तसं म्हणाले, आणि सगळे हसले. भाऊसिंगही हसला. त्याला माहीत होतं की आता ओढीची परीक्षा होणार, आणि ओढीत त्याला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

ओढीची परीक्षा वऱ्हाडात अशी होते. गाड्यात दगड भरायचे, चाकं साखळीनं जखडून टाकायची म्हणजे ती फिरणार नाहीत, आणि मग बैलांना तो गाडा चढावर ओढायला लावायचा. खरी जोडी असली तर गुडघे टेकते पण गाडा हलवते. मारोतरावांनी ट्रकसाठीही तेच फर्मान काढलं. गाडा कुणाचा? गावात सर्वांत मजबूत गाडा त्यांचाच, सागवानी, वडिलांच्या वेळचा. तोच आणला. दगड भरले, चाकं जखडली, गाड्याची दांडी लोखंडी साखळीनं ट्रकच्या मागे बांधली.

भाऊसिंगनं गिअर टाकला आणि पाय दाबला. साखळी ताणली. गाडा कुरकुरला. जखडलेली चाकं काळ्या मातीत रुतत चालली. बैल असते तर एव्हाना थांबून फुरफुरले असते. ट्रक थांबला नाही. मागे काहीतरी कडाडलं, पण इंजिनच्या आवाजात भाऊसिंगला ते ऐकू गेलं नाही. त्याला एवढंच कळलं की ओझं एकदम हलकं झालं आणि गाडी तीरासारखी चढण चढून गेली. लोक ओरडत होते. वाहवा चालली आहे असं समजून त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि राजासारखा हलवला.

वर पोचून वळून पाहतो, तर साखळीला बांधलेली गाड्याची दांडी तेवढी मागे फरफटत आली होती. बाकीचा गाडा, दगड आणि जखडलेल्या चाकांसकट, खाली होता तिथेच फाकून पडला होता.

गाव हसून हसून बेजार झालं. हसले नाहीत ते फक्त मारोतराव. भाऊसिंग ट्रक फिरवून खाली आला तेव्हा ते मोडक्या गाड्यापाशी उकिडवे बसून फुटलेलं लाकूड चाचपत होते.

"पाह्यलं ना पाटील जोर?" भाऊसिंग म्हणाला. त्याला अजून वाटत होतं की आपण जिंकलो.

"जोर पाह्यला," मारोतराव उठत म्हणाले. "पर बैलाले समजते कवा थांबावं. मांग तुटाले लागलं का त्याच्या खांद्याले कळते. तुह्या गाडीले काय कळते? उद्या माहा कापूस भरून नेशीन, आन वाटेत कोनाचं लेकरू आडवं आलं त? जोर काय करतो मी घेऊन?"

लोकांचं हसू थांबलं. भाऊसिंगला हे बोलणं लागलं. गाडीला कुणी दुबळी म्हटलं असतं तर त्याच्याकडे शंभर उत्तरं होती. त्यानं घाईघाईनं ठेवणीतली कुळकथा काढली.

"पाटील, हे कंपनी कोनाची हाये मालूम हाये? मालकाच्या बापानं अगुदर माग बनोला होता. कापडाचा माग. असा माग का, सूत तुटलं का आपोआप थांबे. मानूस पाह्यत असो का नसो. आख्ख्या दुनियेत त्याचं नाव झालं. विलायतवाल्याइनं पैसे देऊन त्याची अक्कल इकत घेतली. मंग पोरानं गाड्या काढल्या. लढाईच्या आंधी आपल्या वऱ्हाडचा कापूस बोटीनं तिकडंच जाये ना? आपल्याच कापसावर मोठे झाले थे लोक!"

मारोतरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "सूत तुटलं का थांबे?"

"जागच्या जागी!"

"मंग थे अक्कल यानं गाडीत काहून नाही टाकली?"

त्या मिस्तऱ्याला हा प्रश्न विचारायचं भाऊसिंगला कधी सुचलंच नव्हतं.

मारोतरावांनी हात झटकले. "बैल घेताना आखरी एक पारख असते. इकनारा आपल्या घरचं मानूस बैलाच्या पोटाखालून काढून दाखोते. मंग मी दोर हाती घेतो. तुह्या गाडीपुढं कोन बसते, बोल." हे त्यांनी विषय संपवायला म्हटलं होतं. बोलून ते घराकडे वळलेही.

"मी बसते."

गोमतीबाई बायकांतून पुढे आली होती. "गाडी चढनीवर घेऊन जा," ती नवऱ्याला म्हणाली, "आन येऊ द्या खाली. मी इथं बसते. माह्याजवळ आली का थांबवा. पाटलाले पाहू द्या." आणि नुसतं बोलून ती थांबली नाही. फाकलेल्या गाड्याच्या पुढे, वाटेच्या मधोमध, घागरा सावरून ती मांडी घालून बसली. लखीराम काही बोलायला गेला तर तिनं त्याला हातानंच गप्प केलं.

भाऊसिंगनं ट्रक वर नेला, वळवला आणि तोंड खाली करून उभा केला. ब्रेक त्यानं सकाळीच तपासला होता. याहून वाईट उतार त्यानं ब्रह्मदेशात पावसात, आंधळ्या वळणांवर, पार केले होते. गाडी थांबणार याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. खाली गोमतीबाईच्या घागऱ्यावरच्या आरशांवर ऊन चमकत होतं. ती ट्रककडे पाहत नव्हती. काचेतून थेट त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. कुडाची नवी माती, तांड्यातली चूल, सगळं त्याच्या एका पायाखाली होतं. ब्रेक थोडा सोडला की काम झालं.

त्यानं इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला, खाली उतरला, चाकाखाली मोठा दगड लावला आणि पायी चालत खाली आला.

"काय झालं? भेला का?" मारोतरावांनी विचारलं.

"भेलो नाही. गाडी थांबन, मले पक्कं मालूम हाये," भाऊसिंग म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच ठणठणीत होता, फक्त त्यात बढाई नव्हती. "तरी नाही चालवत. मानूस समोर बसवून मी गाडी चालवत नाही, पाटील. कापूस राहू द्या तुमचा." मग तो लखीरामकडे वळला. "नायक, उद्या निघा. मी बी येतो खडी फोडाले."

लखीरामनं मान खाली घातली. तांड्यातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि उद्याच्या वाटेची धूळ जणू आत्ताच त्यांच्या तोंडावर आली.

मारोतराव दोन्ही हात मागे बांधून उभे होते. चढणीवर दगड लावून उभ्या केलेल्या ट्रककडे त्यांनी एकदा पाहिलं, मग भाऊसिंगकडे.

"मघाशी मांग काय मोडून राह्यलं थे तू पाह्यलं नाही," ते म्हणाले. "आता समोर पाह्यलं." आणि घराकडे चालता चालता, पाठमोरेच, ओरडले, "उद्या पायटेच गाडी वाड्यापुढं लाव. भरनारे गडी तुहेच आन. माहे गडी रिकामे नाहीत."

तांड्यातली माणसं आधी समजलीच नाहीत. मग लखीरामनं पटका काढून हवेत उडवला, आणि जो गलका झाला तो पार इंझोरीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

गोमतीबाई मात्र वाटेवरून उठली नव्हती. भाऊसिंग तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"उठ ना आता. काम भेटलं."

"नाही उठत." तिचे डोळे रागानं भरून आले होते. "सारं गाव पाहून राह्यलं होतं, आन मी बसली तुमच्यासाठी. आन तुमी उतरले? आंधी सांगा, गाडीवर भरोसा नोता, का सोतावर?"

वर्षभर गावागावांतून ट्रकच्या गोष्टी सांगत फिरलेला तो माणूस तिच्यासमोर धुळीत खाली बसला.

"गाडीवर होता. माह्या पायावर बी होता," तो म्हणाला. "पर हजारात एक डाव नाही थांबली असती, त तुह्यावाचून मी घरी जाऊ शकलो असतो, हा भरोसा नोता."

पदरानं डोळे पुसून गोमतीबाई उठली आणि घागऱ्याची धूळ झटकली.

"चाला मंग," ती म्हणाली. "बायकाइनं भांडे बांधून ठेवले हायेत. सोडाले सांगा लागीन."