यादीत नसलेली वाट

"परत लाल आलं," बीयुन म्हणाली आणि तिने संगणकाच्या पडद्यावरची चौकट बंद केली.

चौकट पुन्हा उघडली. रुग्णाचा रक्तदाब घरी सोडण्याइतका नाही. डॉक्टरांशी संपर्क साधा.

डॉक्टर तिच्या शेजारीच उभे होते. "माझं पान सकाळीच हिरवं झालंय, ताई," ते हळूच म्हणाले. "अडलंय ते तुमच्या पानावर." त्यांना पुढच्या वॉर्डातून बोलावणं आलं होतं. ते मान खाली घालून निघून गेले.

खाटेवर त्साय आमा, म्हणजे त्साय आजी, निजली होती. तोंडात नळी, नळीच्या टोकाला श्वासयंत्र. यंत्र श्वास देत होतं, आमा तो घेत होती. दिल्या पाण्याला झाड नाही म्हणत नाही, तसा. तिच्या अंगावर रुग्णालयाचे कपडे नव्हते. लेकीने घरून धाडलेला जांभळा अंगरखा तिला पहाटे घातला होता, केस विंचरून मागे बांधले होते. हात मात्र होते तसेच. जन्मभर कालवं फोडलेले, शिंपल्यांच्या धारेने चिरून चिरून जाड झालेले. प्राणवायू मोजायचा चिमटा त्या बोटांवर कधी लागलाच नाही. यंत्राला त्या कातडीतून काही दिसायचं नाही. बीयुन तो कानाच्या पाळीला लावायची.

पायाशी आमाचा मुलगा वानचुआन उभा होता. त्याच्या हातात आईचे नवे कापडी जोडे होते.

"सिस्टर, गाडी खाली लागलीय," तो म्हणाला. "ताईने दालन झाडून घेतलंय. मरण दिसू नये म्हणून देवांवर लाल कागद लावला. तिला निजवायला फळ्या मांडल्या. सगळं तयार आहे. फक्त आई नाही."

"पाच मिनिटं द्या, त्सायदादा."

"मघाशीही पाचच म्हणालात."

बीयुनने चौकट पुन्हा बंद केली. ती परत उघडली.

ल्याव बीयुनचे केस कानामागे पांढरे झाले होते आणि ते ती रंगवत नव्हती. या किनाऱ्यावरच्या रुग्णालयात ती नर्स म्हणून आली तेव्हा सगळं कागदावर होतं. पाळी संपली की दिवसभराचं लिहायला बसायचं, बाहेर अंधार पडायचा, घरी भात गार व्हायचा. मग चाकांच्या गाड्यांवर संगणक आले. प्रत्येक वॉर्डातून एक जण शिकायला पाठवायचा, त्याने परत येऊन बाकीच्यांना शिकवायचं. अशा माणसाला ते 'बियाणं' म्हणत. वॉर्डाच्या मुख्य परिचारिका श्यू मेईलान. त्यांना सगळे आचांग म्हणत. आचांगने बीयुनचं नाव दिलं.

"मी? आचांग, मी बियाणं नाही, मी भुसा झालेय."

"म्हणूनच," आचांग म्हणाल्या. "तू शिकलीस की या पोरी लाजेने शिकतील."

आणि बीयुन शिकली. तिला ते आवडलंसुद्धा. मनगटावरच्या पट्टीवर प्रकाश टाकला की माणूस कोण ते कळे, औषधाच्या पुडीवर टाकला की ते त्याचंच की नाही ते कळे. कुणाला कूस केव्हा बदलायची, कुणाची नळी केव्हा बदलली, सगळं डोळ्यांपुढे. पाळी संपली की लिहिणंही संपलेलं. ती उजेडात घरी जाऊ लागली. तिचा नवरा थट्टेने म्हणायचा, "काय गं, कामावरून काढलं का तुला?" पोरींनी गाड्यांच्या डोक्यावर नारळी कुरमुऱ्यांची हिरवी पुडी ठेवली होती, संगणक शहाण्यासारखा वागावा म्हणून. पुडी पिवळी नको, शिळी नको आणि खायची तर मुळीच नाही. बीयुन हसायची, पण पुडी जुनी झाली की नवी तीच आणायची.

हे लाल कुलूपही तिनेच मागून घेतलं होतं.

त्या नव्या यंत्रणेत कालची नोंद आज उतरवायचं एक बटण होतं. घाईच्या एका सकाळी कुणीतरी ते दाबलं. 'रक्तदाब ठीक, प्रकृती ठीक' अशी आदल्या दिवशीची ओळ तशीच आली, आणि एक म्हातारा त्या ओळीच्या भरवशावर घरी गेला. संध्याकाळी तो स्ट्रेचरवरून परत आला. वाचला, पण बीयुनच्या जिवाला ते लागलं. पुढच्या बैठकीत ती उभी राहिली. "आकडा त्याच दिवशीचा हवा, आणि कमी असेल तर माणूस दारातून बाहेर जाता कामा नये. सही कुणाचीही असो." तैपेईहून येणारा इंजिनियर ज्येन, तरुण, चष्म्याचा, त्याने मान डोलावली आणि पंधरवड्यात तसं करून दिलं. कुलूप चांगलं होतं. त्यानंतर त्या वॉर्डातून कुणी तसं परत आलं नव्हतं.

चूक कुलपाची नव्हती. चूक एका टेबलापाशी झाली होती.

यंत्रणा सुरू करायच्या दिवशी दारात टेबल मांडलं होतं, त्यावर फळं, बिस्किटं, उदबत्त्या. सगळ्यांनी हात जोडले. मग ज्येनने याद्या मोठ्याने वाचून दाखवल्या, काही राहिलंय का विचारायला. रुग्ण कसा गेला, या यादीत तो वाचत गेला: बरा होऊन घरी, दुसऱ्या रुग्णालयात, वृद्धाश्रमात, मृत्यू. शेवटच्या शब्दाशी आचांगने त्याला थांबवलं. "बस बस. आज शुभ दिवस आहे." ज्येनने विचारलं, "घरी जाण्याचा आणखी काही प्रकार?" टेबलाभोवती दहा-बारा जणी उभ्या होत्या. त्यांपैकी प्रत्येकीला तो प्रकार ठाऊक होता, प्रत्येकीने कुणा ना कुणाला शेवटच्या श्वासासाठी तसं घरी पोचवलं होतं. पण उदबत्ती जळत असताना ते नाव कोण घेणार? एकीने संत्रं सरळ केलं, एकीने राख झटकली. ज्येनने यादी मिटली.

"तेव्हापासून तसं कुणी गेलं नाही, हे आपलं नशीब," आचांग आता म्हणाल्या. त्या धावतच आल्या होत्या. "फोन लाव त्या ज्येनला."

बीयुनने फोन लावला.

"ताई, ते मला इथून लगेच उघडता येणार नाही," ज्येन म्हणाला. "सुरक्षेचं आहे ना ते, तुम्हीच म्हणाला होतात. वर परवानगी लागेल. उद्यापर्यंत करतो."

"उद्या नको रे. आत्ता."

"मग एकच. तुम्ही यादीत 'मृत्यू' घ्या. तिथे कुलूप लागत नाही. पावती निघेल, गेटवर गाडी सोडतील."

बीयुनने आमाकडे पाहिलं. छाती वर आली, खाली गेली.

वानचुआनने ऐकलं होतं. "मेली लिहिताय?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सिस्टर, माझा बाप बंधाऱ्यावर गेला. भरतीत. त्याला गावात घेतला नाही. बाहेर गेलेला माणूस वेशीच्या आत आणत नाहीत आमच्यात. रस्त्याकडेला ताडपत्री बांधून ठेवला त्याला, आणि पाऊस त्या ताडपत्रीत साचत होता. आई काठीने ते पाणी वर ढकलत बसली होती. तेव्हा मला म्हणाली, माझं असं करू नको. मी तिला हो म्हटलंय."

"मी मेली लिहीत नाहीये, त्सायदादा."

"उद्या दाखल्यावर तुमचं लिहिलेलं येईल. गाव विचारेल, आमा कुठे गेली? रुग्णालयातच गेली, मग आत कशी आणलीत?"

"म्हटलं ना, नाही लिहीत."

आचांगने बीयुनला दाराशी ओढलं. "ऐक. 'बरी होऊन घरी' घे. रक्तदाबाच्या चौकटीत एक बरासा आकडा टाक. एकशेदहा टाक. कुलूप उघडेल. कुणाचं वाईट होतंय त्यात? दहा दिवसांवर तपासणी आहे. एकही पान लाल राहिलं तर वरचे माझी साल काढतील."

बीयुनचं बोट कळफलकावर गेलं. एक, एक, शून्य. तीन वेळा दाबायचं, आमा घरी. सोपं होतं. आमाचं त्यात भलंच होतं. तिने पहिला एक दाबला.

पलीकडच्या खाटेशी पेईशान उभी होती, वॉर्डातली सगळ्यांत नवी नर्स. ती एका आजोबांचा रक्तदाब घेत होती. पट्टा सैल बसला म्हणून तिने तो काढला आणि पुन्हा गुंडाळला, पुन्हा हवा भरली. असं करायला तिला बीयुननेच शिकवलं होतं.

बीयुनने तो एक पुसला.

"नाही जमत, आचांग."

"बीयुन."

"आज मी चांगल्यासाठी टाकीन. उद्या कुणी घाईसाठी टाकेल. मग त्या म्हाताऱ्याचं काय सांगू मी पोरींना?"

 आचांगने पडद्याकडे पाहिलं, मग आमाकडे. त्यांची स्वतःची सासू अशीच घरी गेली होती. वाटेत श्वास देणारा हातातला फुगा बीयुननेच दाबला होता.

"मग काय करतेस?"

"पान उघडंच ठेवते. तिचा खरा आकडा लिहिते. आणि घेऊन जाते."

"पान उघडं म्हणजे संगणकाच्या हिशेबी ती इथेच आहे."

"असू दे इथेच."

"गेटवर पावती मागतील."

"मागू देत."

आचांगने एक सुस्कारा टाकला. मग पांढऱ्या कोटाच्या खिशातून त्यांनी आपला जुना नावाचा शिक्का काढला, कागदावर सहीऐवजी उठवायचा; तो कित्येक महिन्यांत वापरला नव्हता. "गेटवर मी उभी राहते," त्या म्हणाल्या. "पावती नाही तर मी आहे. आणि तपासणीत या लाल पानासाठी उत्तर कोण देणार, तर मीच. जा. बोलत नको बसू."

बीयुनने श्वासयंत्र काढलं आणि नळीला फुगा जोडला. आता आमाचा श्वास बीयुनच्या मुठीत होता. दाब, सोड. दाब, सोड. खाट बाहेर निघाली, लिफ्टमध्ये शिरली, गाडीत चढली. वानचुआनने आईच्या पायांत जोडे चढवले. गेटवर आचांग पहारेकऱ्याशी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की त्या बुटक्या बाई आडव्या बांबूखाली उभ्या होत्या आणि बांबू वर गेला.

रस्ता सपाट होता, दोन्ही बाजूंना पाणी. वानचुआन आईच्या कानाशी वाकला. जाणाऱ्याला वाट सांगावी लागते. न सांगितलेल्या वळणाशी जीव मागे राहतो म्हणतात.

"आई, पूल आला, पूल ओलांडतोय.
आई, मिठागरं आली, उन्हात पांढरी झालीत.
आई, समुद्रदेवी माझूचं देऊळ आलं, हात जोड.
आई, आपली कालवं आली, ओहोटी लागलीय, कालवांचे बांबू दिसतायत."

प्रत्येक ओळीला बीयुन एकदा दाबायची. तिला कळलंही नाही की हात त्याच्या बोलण्याच्या तालावर पडतोय. गाडीतल्या लहान पडद्यावर रेघ हलत होती, कधी उंच, कधी बसकी. एका वळणावर ती फारच बसली. वानचुआनने पडद्याकडे पाहिलं आणि मग बीयुनकडे.

"तुम्ही बोला," ती म्हणाली. "थांबू नका."

"आई, पिठाची गिरणी आली. आई, तुझ्या शिंप्याचं दुकान. आई, आता आपली गल्ली. बघ, शेजारीण दारात उभीय, तुझ्याशी भांडणारी. रडतेय गं ती."

घराच्या दारात लेक उभी होती. चौघांनी चादरीसकट आमाला उचललं. उंबऱ्याशी वानचुआन थांबला आणि आईच्या कानाशी वाकला.

"आई, घर आलं."

मधल्या दालनात, लाल कागदाने झाकलेल्या देवांसमोर त्यांनी तिला फळ्यांवर ठेवलं. नातवंडं गुडघ्यांवर बसली. बीयुनने चिकटपट्टी हळू सोडवली, नळी काढली. नळीने ओठांच्या कोपऱ्यात खळगा पडला होता. तो तिने ओल्या कापडाने पुसला. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली, कारण आता तिचं काम संपलं होतं.

आमाने स्वतःचा एक श्वास घेतला. मग एक. लेकीने तिचे जाड हात आपल्या हातांत घेतले. आणखी एक श्वास आला, उंबऱ्याबाहेरच्या खाऱ्या वाऱ्याइतका लहान. सगळे पुढच्याची वाट पाहत राहिले.

परत येताना बीयुन ड्रायव्हरच्या शेजारी बसली. फोन वाजला. ज्येन होता.

"ताई, आचांगबाईंनी मला इतकं झापलं की माझ्या साहेबांनी फोन हातातून घेतला, मग त्यांनाही झापलं. परवानगी मिळाली. यादीत नवी ओळ घालतोय. त्या ओळीला कुलूप नाही, पण दोन सह्या लागतील, डॉक्टरांची आणि नर्सची. चालेल?"

"चालेल. चांगलं केलंस."

"तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस," बीयुन म्हणाली. "माझेच ओठ उघडले नाहीत रे."

त्याने विचारलं, "पोचल्या का आमा?"

"पोचल्या. दालनात पोचल्या, मग गेल्या."

"मग ओळीला नाव काय देऊ?"

बीयुनने बाहेर पाहिलं. ओहोटीच्या चिखलात बायका वाकून कालवं काढत होत्या. त्या टेबलाभोवती कुणाला म्हणता आलं नाही ते आता तिने साध्या आवाजात सांगितलं, कुणाचा तरी पत्ता सांगावा तसं.

"लिही. श्वास असताना घरी नेलं."

पलीकडून कळफलक वाजल्याचे आवाज आले. फोन बंद झाला.

"ताई, हात दुखतोय का?" ड्रायव्हरने विचारलं.

तिने खाली पाहिलं. मांडीवर तिचा उजवा हात मिटत होता, उघडत होता. मिटत होता, उघडत होता. त्यात काहीच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, आणि हात तसाच चालू दिला.