घासणी

किमयाचा आवाज मुळातच मोठा. पेणजवळच्या जोह्याला, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर चालू असताना बापाला जेवायला हाक मारायची, तर आवाज चढवावाच लागे. ती सवय अंगात मुरली. पुढे ती पेणच्या एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची टेक्निशियन झाली आणि हाच आवाज कामाला आला. तोंडावर मास्क, एसीची घरघर, मशीनची टिकटिक. मुळूमुळू बोलणाऱ्याचं तिथे कुणी ऐकत नाही. किमयाचं सगळ्यांना ऐकू यायचं आणि ऐकण्यासारखंही असायचं, कारण पोरगी विनोदी होती. उभं राहून राहून सगळ्यांच्या कमरा मोडल्या की ती असं काही बोलायची की थिएटर हसायला लागायचं. "किमया नसली की केस लांबते," असं सर्जन स्वतः म्हणायचे. हे वाक्य तिने घरी, शेजारी आणि सोयऱ्यांत किती वेळा सांगितलं असेल, विचारू नका.

थिएटरमध्ये पेशंट दिसतो तो तेवढ्याच जागेपुरता. बाकी सगळा हिरव्या कापडाखाली. तोंड पडद्याच्या पलीकडे, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या ताब्यात, आणि अलीकडे नुसता पाय नाहीतर पोट. 'हर्निया आत घ्या', 'अपेंडिक्स आलं का' हीच तिथली भाषा. किमयाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला खुपत होतं ते वेगळंच. जन्मभर कात्र्या आणि चिमटे मांडत बसायचं का? टेक्निशियनला रस्त्यात कोण ओळखतं? सिस्टर म्हटलं की लोक कसे अदबीने बोलतात. तिने नोकरी सोडली, आपल्याहून लहान पोरींच्या बाकावर बसून नर्सिंगचा कोर्स केला आणि रोह्याच्या हॉस्पिटलात वॉर्डात लागली. इथे पेशंटला तोंड होतं, नाव होतं, हजार तक्रारी होत्या. किमयाने त्यांनाही हसवलं. बघता बघता अख्खा वॉर्ड तिच्यावर खूश झाला.

गिरजाबाई बुधवारी दुपारी भरती झाल्या. कासूच्या पलीकडची, खाडीपट्टीतली बाई. उभा जन्म मिठागरात गेलेला. डाव्या पायाच्या शिरा फुगून दोरखंडासारख्या वर आल्या होत्या आणि घोट्याजवळची कातडी काळी पडून फुटायच्या बेताला आली होती. उजव्या पायाचं असंच ऑपरेशन पूर्वी झालेलं. आता हा पाय लांबवला तर जखम होणार आणि मिठागरात काम करणाऱ्या बाईची जखम भरत नाही, हे सर्जनांनी सुनेला समजावून सांगितलं होतं. दम्यामुळे पूर्ण झोपवता येणार नव्हतं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग तेवढा बधिर करायचा. सर्जन बाहेरगावचे, गुरुवारीच येणारे.

किमया खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिने नेहमीच्या सुरात सुरुवात केली, "काय आजी, घाबरलात काय? उद्या दोन्ही पाय सारखे होतील, मग हळदीत नाचायला मोकळ्या!"

आजूबाजूच्या खाटा हसल्या. सूनबाई नूतनही हसली. गिरजाबाई हसल्या नाहीत. त्या किमयाच्या तोंडाकडे एकटक बघत राहिल्या, मग हळूच पाय आखडून त्यांनी चादर पावलांवर ओढून घेतली. किमयाला वाटलं, म्हातारीला थंडी वाजतेय. तिने पंखा कमी केला.

गुरुवारी सकाळी थिएटरचा टेक्निशियन मिथुन स्ट्रेचर घेऊन आला. किमयाने चादर वर केली आणि ती बघतच राहिली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय सोलवटून निघाला होता. कुठे लाल चट्टे, कुठे रक्ताचे बारीक थेंब. टाचेच्या भेगा उकरून काढल्यासारख्या दिसत होत्या. खाटेखाली तारेची घासणी पडली होती. पेशंटचे नातेवाईक वॉर्डाबाहेरच्या मोरीत डबे घासतात, तिथली.

आता खरं तर इथे गप्प बसायला हवं होतं. पण जिभेला हाड नव्हतं ना!

"अगो बाय! आजी, पाय घासलात काय तपेलं? आता कल्हई तेवढी लावायची ठेवलीत!"

वॉर्ड खो खो हसला. मिथुनने तर स्ट्रेचरला टेकून हसून घेतलं. गिरजाबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

सर्जनांनी पाय बघितला आणि ते भडकले. अशा कातडीवर कापणार नाही, आत पू होईल, पंधरा दिवसांनी बघू. "कोणी सांगितलं होतं घासायला?" त्यांनी दोनदा विचारलं. "मळ होता," एवढंच गिरजाबाई बोलल्या. मळ कसला, खाऱ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्या पायांचा तो रंगच. तो काय घासून जाणार होता?

नूतनने किमयाला बाहेर व्हरांड्यात गाठलं. तिचे डोळे भरले होते.

"सिस्टर, तुम्ही रागवू नका आयेला. तिचं डोकं फिरलंय त्या पेणच्या ऑपरेशनपासून."

"का? काय झालं होतं?"

"तिला तवा पन कमरेतच इंजेक्शन दिलं होतं. पाय मेलेला, पन कान जागे ना! पाय साफ करताना कोन तरी बाय बोलली म्हनं, हे पाय धुवायला आयोडीन पुरायचं नाय, भांड्यांची घासणी आना. आनि सगले हसले. डॉक्टर पन हसले. आये पडद्याच्या या बाजूला एकलीच. रडायला पन आलं नाय म्हनते, तोंडावर हवेचा मास्क होता. तवापासून लग्नाला गेली तरी पाय लुगड्याखाली दडवते. आनि काल मला म्हनते, तीच बाय हितं हाय. आवाज वलखला मी. उद्या आत परत बोलेल. मी म्हटलं, येडी काय तू, पेनची बाय रोह्याला कशाला येल?"

किमयाला आठवलं. बाई आठवली नाही, चेहरा तर तिने बघितलाच नव्हता. आठवलं ते वाक्य. चांगलं जमलेलं वाक्य होतं ते! पुढे आठवडाभर थिएटरमध्ये 'घासणी' म्हटलं की लोक हसत होते आणि तिला आपण काही मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. तेव्हाही इंजेक्शन कमरेतच दिलेलं होतं, म्हणजे पलीकडे कुणीतरी जागं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. किमयाने काय केलं?

"कुठल्या हॉस्पिटलात झालं हे?" तिने हलक्या आवाजात विचारलं, जसं काही पेणमध्ये तिला कुणी ओळखत नव्हतं.

नूतनने नाव सांगितलं. किमयाने मान हलवली आणि ड्रेसिंगचं सामान काढायला आत निघून गेली. कपाटाच्या दाराआड तोंड करून ती ट्रेमध्ये पट्ट्या मांडत राहिली. तिला एकाएकी बापाचे हात आठवले. नर्सिंगच्या शपथविधीला तिचा बाप, काळुराम, आला होता, आणि तिने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, हात रॉकेलने नीट धुऊन या, बाबा, रंग दिसतो. तो सगळा कार्यक्रम संपेपर्यंत हात खिशात घालून बसला होता. टाळ्या वाजवायला तेवढे बाहेर काढले. तिला लाज वाटली, आणि ही लाज तेव्हाच का वाटली नाही, याने तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ड्रेसिंगचा ट्रे घेऊन ती गिरजाबाईंपाशी आली. एक शब्द न बोलता तिने मलम लावायला घेतलं. एरवी ड्रेसिंग करताना तिची गाडी पॅसेंजरसारखी प्रत्येक स्टेशनावर थांबून बोलत जायची. आज शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही विचारलं, "सिस्टर, तब्येत बरी नाय काय?"

गिरजाबाई छताकडे बघत होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज गप कशी गो?"

किमयाचा हात थांबला.

"आजी, माझं चुकलं. मी तेव्हा…"

"चुकून कोन हसतो गो?" गिरजाबाईंचा आवाज शांत होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुला हसू आलं, तू हसलीस. सकालीं पन आलंच की."

तिने पट्टी गुंडाळली, टोक चिकटवलं.

"पुढच्या वेळेला मी आत येते तुमच्याबरोबर," ती कशीबशी म्हणाली. "मी सांगते डॉक्टरांना. तुमच्या डोक्यापाशी उभी राहीन. कुणाला काही बोलू देणार नाही."

गिरजाबाईंनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं.

"नको. दुसरं कोनी पन चालंल. तू भायेर रव."

त्या पंधरा दिवसांत वॉर्ड सुना झाला असं सगळे म्हणत. पेशंट किमयाला टोचून बघत, काहीतरी बोला ना सिस्टर. तिला बोलता येईना. तोंड उघडलं की आधी समोरच्याचे कान दिसायचे.

कातडी भरून आली. गिरजाबाई पुन्हा भरती झाल्या, आणि या खेपेला नूतनने पिशवीतली पाय घासायची वजरीसुद्धा घरी ठेवायला लावली होती. गुरुवारी सकाळी मिथुन त्यांना घेऊन गेला. किमयाने त्याला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं. बाई जाग्या असणार आहेत, तोंड सांभाळ. "काय सिस्टर, तुम्ही मला शिकवता?" असं म्हणून तो हसला होता. वाईट पोरगा नव्हता तो. किमया तरी कुठे वाईट होती?

थिएटरच्या दाराबाहेर नातेवाइकांचा बाक आहे. इतकी वर्षं किमया अशा दारातून आत गेली आणि बाहेर आली, पण त्या बाकावर ती कधी बसली नव्हती. आज तिची सुट्टी होती तरी ती आली आणि नूतनच्या शेजारी बसली. नूतनला आता सासूकडून सगळं कळलं होतं. ती दूर सरकली नाही. नुसती मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत राहिली.

थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. तीन-चार माणसं एकदम हसली होती. कदाचित कुणाच्या चहावरून असेल, क्रिकेटवरून असेल. हसायला काय, थिएटरमध्ये कशावरूनही हसतात, हे किमयाइतकं कुणाला माहीत होतं?

नूतनने तिच्याकडे बघितलं. "कशाला हसतात ओ आत?"

किमया उठली. दारापाशी गेली आणि तिने काचेवर बोटाने टकटक केलं. बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पेशंट जागी आहे म्हणून. मग तिच्या ध्यानात आलं की आपला आवाज तर या दारातून थेट टेबलापर्यंत जाईल. आणि गिरजाबाई तिथे आडव्या पडून नेमक्या याच आवाजाला घाबरून असतील.

मिथुनने दार फटीएवढं उघडलं. "काय झालं, सिस्टर?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग टेबलाकडे दाखवलं, मग कानाकडे. मिथुन गोंधळून बघत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून एक बारीक, सुकलेला आवाज आला. "कोन हाय गो तिथं? कोन आयलंय?"

आतलं हसू थांबलं. किमयाने ओठ घट्ट मिटून घेतले. तिने वळून नूतनकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

नूतन उठून आली. तिने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"मी हाय, आये," ती म्हणाली. "दुसरं कोनी नाय. मी एकलीच हाय."

"बरं," आतून आवाज आला. "जाऊ नको."

दार बंद झालं. नूतन बाकावर जाऊन बसली. किमया भिंतीला पाठ लावून तिथेच उभी राहिली, आणि गिरजाबाईंचं स्ट्रेचर बाहेर यायची वेळ झाली तेव्हा जिन्याने खाली निघून गेली.