मुरलीधराचं पथ्य

"अरुणे, हात लावू नगंस त्या सरीला! सांगून ठेवतो!"

"लावणार! समदं उकरून टाकणार!"

मी शेजारच्या तुकड्यात लसूण खुरपत होतो. मान वर करून बघतो तर अरुणावैनी साडीवर जाड कोट चढवून, गमबूट घालून सरीत वाकलेल्या. त्यांच्या नवऱ्यानं, मुरलीधरनं, सकाळपासून पुरलेले बटाटे त्या एकेक करून उकरत होत्या आणि बांधापलीकडं फेकत होत्या. फेकताना नेम कुठला? एक बटाटा पलीकडच्या तुकड्यातल्या गोऱ्या डेरेकच्या कोबीत जाऊन पडला. डेरेक बिचारा टोपी वर सरकवून बघत राहिला.

कौन्सिलच्या कागदावर ही अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्यानं दिलेली जागा. आम्ही मात्र पहिल्यापासून वावरच म्हणत आलो. मी आणि मुरलीधर बर्मिंगहॅमच्या एकाच ओतकारखान्यात लोखंड ओतून म्हातारे झालो. तो कराडच्या अंगाचा, मी वाळव्याचा. कारखाना सुटला तेव्हा हातांना काही सुचेना, म्हणून हे शेजारशेजारचे तुकडे घेतले. माती लालसर, चिकट. ओली झाली की बुटाला धरून बसते, वाळली की कुदळीला दाद देत नाही. पण बटाट्याला चांगली. आणि मुरलीधरचा जीव बटाट्यावर.

"पद्माकर भावजी, तुमीच सांगा ह्येस्नी," वैनी माझ्याकडं वळल्या. डोळ्यांत पाणी होतं. "उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रगत उतरलंय. डॉक्टर म्हनला, साखर उतरली न्हाई तर दुसरा बी जाईल. आन् ह्ये बटाटं लावत्यात! माझ्या थोरल्या भावाचा पाय कापला साखरंपायी. म्या डोळ्यानं बगितलंय. पुन्यांदा न्हाई बगायची!"

मुरलीधर कुदळ आपटून शेडकडं गेला. तिथं बिस्किटांचा डबा होता. तो उघडून बघतो तर आत भुईमुगाचे दाणे.

"बिस्किटं कुटं हायती?"

"पाखरांनी खाल्ली," वैनी म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या घरात पथ्य सुरू झालं. त्यांचा मुलगा यतीन ब्रॅकनेलला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. सून ऋजुता पुण्याची, हुशार आणि मायेची. तिनं एक न्यूट्रिशन थेरपिस्ट बाई गाठून दिली. बाई फोनच्या पडद्यावर यायची, नीट समजावून सांगायची. भात कमी, पीठ कमी, पालेभाजी, उसळ, अंडी जास्त. आणि सुरुवातीलाच तिनं बजावलं होतं, खाणं बदलायच्या आधी सर्जरीत, म्हणजे आपल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, कळवा, कारण साखर उतरवायच्या गोळ्या चालू आहेत, खाणं घटलं की त्या जास्त होतील.

"बाबा, तुम्ही फोन करताय ना सर्जरीला? की मी अपॉइंटमेंट घेऊ?" ऋजुतानं विचारलं.

"करतो की. माझं मी बगतो," मुरलीधर म्हणाला.

पण अरुणावैनींचं काम म्हणजे एक घाव दोन तुकडे. बाईनं कमी करा म्हटलं, वैनींनी बंदच केलं. भात बंद. भाकरी बंद. चहातली साखर बंद. सकाळी अंडं, दुपारी मेथी नि मूग, संध्याकाळी काकडी नि ताक. गावाकडं जो चुलीवर भाकरी फुगताना बघूनच अर्धा जेवायचा, त्याच्यापुढं ही ताटं. मुरलीधर रोज माझ्या बांधावर येऊन बसायचा.

"पद्या, बकरं झालोय मी. नुसता पाला."

"साखर उतरली का पण?"

"उतरली म्हनं. पर सांजच्याला हात थरथरत्यात. घाम फुटतोय."

"सर्जरीत सांगितलंस का?"

तो नुसता खाली बघून ढेकूळ फोडत राहिला.

मे महिना असा गेला. त्याचं पोट आत गेलं, पँट पट्ट्यावर लोंबायला लागली. वैनी सगळ्यांना सांगत सुटल्या, आमच्या ह्यांचं वजन उतरलं, चाल हलकी झाली. खोटं नव्हतं ते. पण अति तिथं माती.

जूनमधली दुपार. इथं क्वचित पडतं तसं करकरीत ऊन पडलेलं. मुरलीधर घेवड्याच्या वेलांना काठ्या रोवत होता. दुपारचं ताट त्यानं रागानं तसंच ठेवलं होतं, मेथी बघून. साखरेवरची गोळी मात्र गिळली होती. वैनी पलीकडं पाणी घालत होत्या.

"अवं, काठी तिरकी लागलीया," त्या म्हणाल्या.

मुरलीधरनं काठी उपटली आणि तिथंच परत तिरकी रोवली. परत उपटली.

"चेष्टा करतायसा व्हय माझी?"

"आये, म्हशीला पानी दावलंस का?" तो म्हणाला.

वैनींना वाटलं, मुद्दाम डिवचतोय. त्या तोंड फिरवून पाणी घालत राहिल्या. पण मला तो आवाज बरा वाटला नाही. मी बांध ओलांडून गेलो. त्याचा सदरा पिळून काढावा असा भिजलेला, चेहरा राखेसारखा. मी खांद्याला धरलं तसा तो माझ्या अंगावर कलला आणि घेवड्याच्या वाफ्यात बसला.

"वैनी! साखर! साखर हाय का काय?"

वैनी धावत शेडमध्ये गेल्या. तिथं काय होतं? भुईमुगाचे दाणे. साखरेचा कण त्यांनीच ठेवला नव्हता. दारात उभ्या राहून त्यांनी हंबरडा फोडला.

डेरेक आपली लेमनेडची बाटली घेऊन पळत आला आणि फोनवर अॅम्ब्युलन्सला बोलावत राहिला. मुरलीधर अजून गिळू शकत होता. वैनींनी मातीत बसून त्याचं डोकं छातीशी धरलं आणि टोपणानं थोडं थोडं लेमनेड पाजलं.

"घ्या, धनी. ग्वाड हाय. घ्या. म्या देती, घ्या."

अॅम्ब्युलन्सवाल्या पोरीनं बोटाला टोचून बघितलं. साखर पार तळाला गेली होती. तिनं हिरड्यांना गोड जेल चोळलं आणि विचारलं, खाण्यात काही बदल केला का? डॉक्टरला कळवलं होतं का?

हॉस्पिटलात वैनी माझ्याशेजारी बसल्या होत्या. हातांवरची माती तशीच वाळली होती.

"भावजी, रोग न्हाई, म्याच मारत व्हते त्येस्नी," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या.

मुरलीधर घरी आला त्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. बघतो तर वैनींनी भाताचा डोंगर रचलेला, वर तूप, बाजूला बटाट्याची भाजी. ऋजुता ब्रॅकनेलहून आली होती, ती अवघडून उभी.

"आई, एवढं नको. एकदम उलट टोक होतंय हे."

"माझं पथ्य खड्ड्यात गेलं! खाऊ दे त्यास्नी. डोळं गेलं तर जाऊ देत. मानूस तर ऱ्हाईल."

मुरलीधरनं ताटाकडं बघितलं. किती महिन्यांनी समोर भात होता! वाफेचा वास सगळ्या घरात सुटला होता. त्यानं ताट सरकवलं.

"अरुणे, तुझी चूक न्हाई. म्या फोन केलाच न्हवता सर्जरीला."

तो पुढं बोलू लागला.

"काय सांगू डॉक्टरला? बायकूनं भाकरी बंद केली म्हनून? लाज वाटली. आन् वाटलं, तुझं पथ्य फसावं. फसलं की भाकरी मिळंल. म्हनून गप ऱ्हायलो."

वैनींनी ताट उचललं, त्यातला निम्म्याहून जास्त भात पातेल्यात परत घातला, वर मुगाची उसळ वाढली आणि ताट त्याच्यासमोर आदळलं.

"खावा आता. उद्या सर्जरीत मी संगं येनार. तोंड उगडलं न्हाई तर मी उगडीन."

सर्जरीतल्या नर्सनं गोळ्या बऱ्याच कमी केल्या. आहाराच्या बाईनं मधला रस्ता दाखवला, दुपारी एक ज्वारीची भाकरी, सकाळी थोडं तरी पोटात, ताट चुकवायचं नाही. ऋजुता दर रविवारी फोनवर विचारपूस करायची. उन्हाळा सरला तेव्हा मुरलीधरचा घाम थांबला होता, साखरेनं होणारी पायांची आग कमी झाली होती, कुदळ परत हातात आली होती.

पानगळीत डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं, तेव्हा त्यांनी मला बरोबर घेतलं. डॉक्टरीणबाईनं बराच वेळ तपासून सांगितलं, डावा डोळा चांगला टिकलाय, साखर अशीच ठेवा. उजव्याची नजर मात्र आता परत येणार नाही.

बाहेर बस स्टॉपवर वारा बोचत होता. वैनी पिशवी छातीशी धरून बसल्या.

"येवढं करून एक गेलाच," त्या म्हणाल्या. "आधी ध्यान दिलं आसतं तर..."

"आधी मी ऐकलं नसतं," मुरलीधर म्हणाला.

तो उठून रस्त्याच्या कडेला गेला. मान थोडी वळवून, डावा डोळा बारीक करून लांबवर बघत उभा राहिला. वैनी उठायला लागल्या, त्यांना येणाऱ्या बसचा नंबर आधीच दिसला होता, मलाही. मी त्यांच्या कोटाची बाही धरली. त्या परत बसल्या.

"आली गं आपली," तो म्हणाला आणि हात केला.

आपलीच होती.