शनिवारचा पेपर

मित्रांनो, बर्मिंगहॅममधल्या एका विद्यापीठाच्या तळघरात पडलेले मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे. लंडनच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि १९६३ साली मला विद्यार्थी युनियनच्या कचेरीत आणले. टाइप केलेला मेणकागद माझ्या रुळावर चढवायचा, दांडा फिरवायचा, की भराभर प्रती निघत.

त्या काळी विद्यापीठात वादांना तोटा नव्हता. मुलींच्या हॉस्टेलला कुलूप का? सिनेटवर विद्यार्थी का नकोत? सगळी पत्रके माझ्याच पोटातून बाहेर पडली. "हे यंत्र नसतं तर युनियनच नसती," असे एक अध्यक्ष म्हणाला, तेव्हा मी फुशारून गेले होते.

१९७२ साली दिना नवगावकर माझ्याकडे आली. केमिस्ट्रीचे शेवटचे वर्ष. तिचे वडील शिमोन मुंबईहून लंडनच्या वेम्बलीत आलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र वार, त्या दिवशी लेखणीसुद्धा उचलायची नाही. आणि तिचा शेवटचा पेपर नेमका शनिवारी आला होता.

"मी रविवारी लिहिते. शनिवारभर हवं तर माझ्यावर पहारा ठेवा," ती प्रोफेसरांना म्हणाली. एका मुलीसाठी नियम बदलत नाहीत, असे उत्तर मिळाले. मग तिने युनियनच्या सभेत ठराव आणायचे ठरवले. पुण्याहून पीएचडीला आलेला शशिधर अनुमोदन देणार होता. दोघांनी मिळून मेणकागद तयार केला.

छपाईच्या दिवशी तो दारातच थांबला. "दिना, माझं नाव काढ. माझे सुपरवायझर सिनेटवर आहेत. मी इथला नाही गं."

"मी तरी कुठे इथली आहे?" ती म्हणाली. पण तिने त्याच्या नावावर ब्रशने पातळ मेण फिरवले. मी सहाशे प्रती काढल्या. प्रत्येकीवर त्या नावाची जागा कोरी होती.

सभा माझ्या डोक्यावरच्या हॉलमध्ये भरली. आधी युनियनच्या बारमधल्या बिअरच्या किमतीवरून दोन तास भांडण चालले. मग जिन्यावर पावले वाजू लागली, एकेक करून लोक निघाले. दिना खाली आली तेव्हा तिच्या हातात पत्रकांचा गठ्ठा तसाच होता. "व्होट झालंच नाही," ती खालीच थांबलेल्या शशिधरला म्हणाली. "मतदानाला हॉलमध्ये निदान तीनशे जण हवे होते. तेरा कमी पडले."

शुक्रवारी दुपारी शिमोन तिला शोधत तळघरात आले. "बाळ, पेपर दे. पंधरा वर्षं मी शनिवारी पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात ड्यूटी केली. देव समजून घेतो."

"तुम्ही माझ्यासाठी केलीत, पप्पा. म्हणून तर मला नाही करायची."

त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली आणि ते जिना चढून गेले.

शनिवारी सकाळी ती चालत आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीवर. दहा वाजता शशिधर धापा टाकत आला. "अजून आत घेतात. पहिल्या अर्ध्या तासात गेलं तर चालतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

साडेदहाचा टोला पडला. तो निघून गेला. ती एक वाजता पेपर संपेपर्यंत तशीच बसली होती.

तिला ऑनर्सची पदवी मिळाली नाही, पुढे ठरलेली संशोधनाची जागाही गेली. पुढे ती वॉटफर्डच्या एका कारखान्यात बाटल्यांवर लेबले लावते, असे कानावर आले. शशिधर डॉक्टर झाला. दोन वर्षांनी विद्यार्थ्यांना सिनेटवर जागा मिळाल्या आणि हॉलमध्ये जल्लोष झाला. परीक्षा मात्र शनिवारी होतच राहिल्या. तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. मग फोटोकॉपीचे यंत्र आले. माझे रूळ वाळले आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवले.

मित्रांनो, मला तेल घाला असे मी म्हणत नाही, माझे दिवस सरले. पण एखादा एकटा माणूस काही मागायला उभा राहिला, तर त्याचे ऐकून होईपर्यंत खुर्ची सोडू नका. त्या दिवशी तेराच जण हवे होते. आणि मला माहीत आहे, आज पुन्हा सभा भरली तरी ते तेरा उठून जातील.