चढावरच्या गप्पा

अण्णांच्या मोटारसायकलनं चढ चढायचं सोडून दिलं. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागच्या जागी. क्लच गेला होता, अन् अण्णांनी सगळा दोष गोरेगावच्या रस्त्याला दिला.

रविवारी आमी घरचे चौघं कामाला लागलो. मी आयटीआय करते, म्हणून खोलायचं काम माझ्याकडे. प्रेमानंददादानं हिंगोलीहून क्लचच्या नव्या प्लेटा आणून तेलात भिजत घातल्या. काढलेले भाग क्रमानं मांडायला आईनं भाकरीची परात दिली, तीही तोंड वाकडं करून. तेल सांडू नये म्हणून गाडी कलती धरायची, एवढंच अण्णांचं काम. पण गल्लीतून कुणी गेलं की ते 'जय भीम' करायला हात सोडत अन् गाडी दादाच्या अंगावर येई.

जुन्या प्लेटा करपलेल्या भाकरीसारख्या निघाल्या.

"अण्णा, रस्त्याला काहून बोलता?" मी म्हणाले. "चढावर गाडी थांबवून तुमी गप्पा मारता. ब्रेक दाबायचा सोडून अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरता. त्यानं जळल्या ह्या."

"व्हय, बराबर आहे," अण्णा म्हणाले. इतक्या लवकर ते कधीच ऐकत नाहीत.

दुपारी गाडी जोडून झाली. अण्णा एक चक्कर मारायला गेले ते येईचनात, म्हणून मी बघायला गेले. चढावर त्यांना विष्णुपंत गुरुजी भेटले होते. इंजिन बोंबलत होतं. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून अण्णा गुरुजींना समजावून सांगत होते, की अर्ध्या क्लचवर गाडी तोलली तर प्लेटा जळतात.