काळ्या पडद्यामागचा दिवा

मी धान्य तपासणारा अतिनील दिवा बोलतोय. पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. त्या दिवशी दोन दाणे चमकले की तीन, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

कोठाराला लागून असलेली तपासणीची खोली हे माझं घर. भर दुपारी तपासनीस काळा पडदा ओढायचे, भरडलेला मका माझ्याखाली पसरायचे आणि श्वास रोखून बघायचे. बुरशी लागलेला दाणा हिरवट-पिवळा चमकतो, अंधारातल्या मांजराच्या डोळ्यासारखा. त्या बुरशीचं विष मात्र कुणालाच दिसत नाही.

त्या दिवशी ते डोळे उघडले होते. तपासनिसांनी मक्याच्या बरणीवर ‘फेरतपासणी’ अशी चिठ्ठी डकवली, बरणी खिडकीत ठेवली आणि ते आजारी पडले. दीड महिना बरणीवर ऊन पडत राहिलं.

परतल्यावर त्यांनी तोच मका पुन्हा माझ्याखाली धरला. मिट्ट काळोख. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो.

खोली झाडणाऱ्या मावशींनी घरामागच्या डबक्यात बदकं पाळली होती.

“मावशी, न्या हा पिल्लांना. मूठभर नमुन्याला ठेवतो.”

“नक्की ना, साहेब? मग ही चिठ्ठी कसली?”

“जुनी आहे. दिवा कधी खोटं बोलतो का?”

“दिव्याचं नाही हो, तुमच्या चष्म्याचं विचारतेय,” मावशी हसल्या आणि पिशवी भरून घेऊन गेल्या.

पाचव्या दिवशी त्या झाडू न घेताच आल्या. “साहेब, पिल्लं चोची उघडतात, पण आवाजच येत नाही.”

आठवड्याभरात डबकं ओस पडलं. मावशी माझ्या खोलीत झाडताना पडदा सताड उघडा ठेवू लागल्या. तपासनीस मात्र रिकाम्या ताटलीवर मला लावून तासन्‌तास बघत बसायचे. काय शोधत होते, कोण जाणे.

आता मी फळीवर धूळ खातोय. कुणी मला पुन्हा लावलंच, तर एवढंच ऐका: माझ्या गप्प राहण्याला होकार समजू नका.

मध्यंतरी, बऱ्याच वर्षांनी, नव्या तपासनीस बाईंना तो मूठभर नमुना सापडला. त्यांनी रसायनांनी तपासला. विष मर्यादेच्या चाळीस पट होतं. ‘उन्हात चमक विझते, विष राहतं,’ असं त्यांनी वहीत लिहिलं. मग सहज म्हणून उरलेले दाणे माझ्याखाली पसरले.

माझ्या उजेडात ते स्वच्छच दिसले.